ताई, मी रेकॉर्डना मार्क देतो

प्रिय ताई,

भाऊजी फोनवर म्हणाले ना, की लोक मोबाईलवर फुकट गाणी ऐकतात आणि तू म्हणतोस एका जुन्या रेकॉर्डला हजार डॉलर मिळतात, कोण शहाणा देतो एवढे, आणि तेवढ्यात तुमच्याकडे कोणीतरी आलं नि विषय तिथेच राहिला. आज आमचं जुन्या रेकॉर्डचं दुकान बंद आहे, म्हणून सगळं नीट टाईप करतोय. भाऊजींनाही वाचून दाखव, नाहीतर तू अर्धंच सांगशील.

तर पहिलं म्हणजे आम्ही गाणं विकत नाहीच. गाणं तर नव्या प्रेसिंगवर, म्हणजे आत्ता नव्याने छापलेल्या रेकॉर्डवर, तीस-चाळीस डॉलरला मिळतं, आणि आवाजही बऱ्याचदा जुन्यापेक्षा साफ असतो. लोक पैसे मोजतात ते त्या एका ठराविक प्रतीचे, जी १९५७ ला वगैरे पहिल्यांदा छापली गेली ती. आणि घेणारा असतो टोकियोत नाहीतर पॅरिसमध्ये, त्याने ती रेकॉर्ड हातात घेतलेली नसते, तो फक्त मी लिहिलेलं वाचून पैसे पाठवतो. तुझ्या पेपर तपासण्यासारखंच आहे, फक्त इथे एक मार्क जास्त दिला तर रेकॉर्ड परत येते, वर शिव्या आणि दोन्हीकडचं पोस्टेज आपल्या डोक्यावर.

इथे बहुतेक सगळे गोल्डमाइन नावाच्या मासिकाची पद्धत धरतात. सगळ्यात वर मिंट, मग निअर मिंट, मग व्हीजी प्लस, मग व्हीजी (म्हणजे व्हेरी गुड), आणि त्याखाली जे काय असेल ते. त्यांच्याच हिशोबाने व्हीजी प्लसला निअर मिंटच्या साधारण निम्मी किंमत आणि व्हीजीला पाव. म्हणजे बघ, चारशेची रेकॉर्ड एक पायरी घसरली की दोनशे, अजून एक घसरली की शंभर, आणि त्या पायऱ्यांमधला फरक कधीकधी केसाएवढा असतो, खरंच केसाएवढा, हेअरलाईनच म्हणतात त्या ओरखड्याला. फार दुर्मिळ जॅझ असेल तर मात्र हा हिशोब मोडतो, तिथे व्हीजीलाही लोक तुटून पडतात कारण दुसरी मिळणारच नसते. मिंट मी कधीच लिहीत नाही. सीलबंद असली तरी नाही, कारण प्लास्टिक परत चढवायचं मशीन कोणालाही मिळतं आणि आत काय आहे ते देवाला माहीत.

आता काम कसं चालतं ते सांगतो. रेकॉर्ड कडेने आणि लेबलला धरायची, मधल्या काळ्या भागाला बोट लावायचं नाही. एकच जोरदार दिवा, बाकी खोली अंधारी, आणि रेकॉर्ड हळूहळू तिरकी करत जायची. समोरून बघितलं तर सगळ्याच काळ्या आणि छान दिसतात, पण प्रकाश आडवा पडला की पितळ उघडं पडतं, कागदी पिशवीतून शंभर वेळा आत-बाहेर केल्याचे बारीक चट्टे, कुठे बोटाचा ठसा, कुठे एक सरळ रेघ. त्या रेघेवरून नख अगदी हलकं फिरवायचं. नखाला लागली नाही तर बहुतेक वाजताना ऐकू येत नाही, लागली तर टक टक टक येणार, आणि किती वेळा येते ते मोजून लिहायचं. मग लेबलवरचं मधलं भोक बघायचं. त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या बारीक चकाकत्या रेषा असतात, स्पिंडलवर, म्हणजे प्लेअरच्या मधल्या खुंटीवर, बसवताना चाचपडल्याच्या. त्या भरपूर असतील तर मालक काहीही म्हणो, रेकॉर्ड घासून वाजवलेली आहे.

आणि दिसणं आणि वाजणं वेगळं, हे बरेच विकणारे सोयीस्कर विसरतात. पन्नास-साठच्या दशकात घरोघरी जे प्लेअर होते त्यांचे आर्म (सुई धरणारे दांडे) जड, सुया झिजलेल्या, त्यांनी खोबणीच्या भिंती खरवडल्यात. ओरखडा एकही दिसत नाही, पण ट्रम्पेट जोरात वर गेला की आवाज फाटतो, आणि शेवटच्या गाण्यात लेबलजवळ तर जास्तच. उलट काही रेकॉर्ड दिसायला भिकार आणि वाजायला मस्त, कारण तेव्हाचं व्हिनाइल जाडजूड आणि खोबणीत सिग्नल दणदणीत कापलेला, वरवरचे ओरखडे त्याच्याखाली दबून जातात. म्हणून महागाची असेल तर मी दोन्ही बाजू पूर्ण ऐकतो. ऐकायच्या आधी धुवायची अर्थातच, नाहीतर साठ वर्षांची धूळच वाजते.

आता भाऊजींना आवडेल तो भाग. पहिली प्रत ओळखायची कशी. ब्लू नोट नावाची कंपनी होती न्यूयॉर्कची, १९३९ पासूनची, जॅझमध्ये सगळ्यात जास्त मागणी हिला. यांच्या लेबलवर ऑफिसचा पत्ता छापलेला असायचा. आधी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, १९५७ पासून ४७ वेस्ट ६३, मग १९६२ च्या सुमारास नुसतंच न्यूयॉर्क यूएसए, आणि लिबर्टी कंपनीने विकत घेतल्यावर १९६६ पासून लिबर्टीचं नाव. म्हणजे एकच अल्बम, तेच कव्हर, आणि पत्ता बदलला की किंमत पाचपट इकडे नाहीतर तिकडे. पण नुसत्या पत्त्यावर जायचं नाही! लिबर्टीने जुनी उरलेली लेबलं फेकली नाहीत, नव्या प्रेसिंगवरच चिकटवून संपवली. मग काय करायचं, तर गाणं संपल्यावर लेबलच्या आधी जी मोकळी चकाकती पट्टी असते ती दिव्याखाली धरायची. तिथे कानासारखं दिसणारं एक बारीक चिन्ह असतं. ते खरं म्हणजे वळणदार पी आहे, प्लास्टिलाइट या न्यू जर्सीतल्या कारखान्याचा, पण सगळे कानच म्हणतात. लिबर्टी आल्यावर कंपनीचं काम या कारखान्याकडून गेलं, त्यामुळे कान आहे म्हणजे जुनं प्रेसिंग. जुनी लेबलं आणि कान नाही, की समज उरलेल्या लेबलांचा माल. लेबलमध्ये गोल खोल चर असतो त्याला डीप ग्रूव्ह म्हणतात, त्यावरही लोक जीव टाकतात, पण तो साच्यामुळे येतो आणि जुने साचे नंतरही मधूनमधून वापरले जात, त्यामुळे त्या एकट्यावर माझा भरवसा नाही.

त्याच पट्टीवर आरव्हीजी असं असतं, म्हणजे रुडी व्हॅन गेल्डर, रेकॉर्डिंग इंजिनिअर. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि बाकी वेळ न्यू जर्सीतल्या हॅकनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात जॅझचं रेकॉर्डिंग करायचा. १९५९ ला त्याने एंगलवूड क्लिफ्सला वेगळा स्टुडिओ बांधला. आज ज्या रेकॉर्डसाठी लोक हजारो मोजतात त्यातल्या कितीतरी त्या दिवाणखान्यातल्या.

आणि वेडेपणा ऐकायचाय? हँक मोबली म्हणून सॅक्सोफोनवाला, त्याची ब्लू नोट १५६८ नंबरची रेकॉर्ड. पहिल्या प्रतीच्या एका बाजूच्या लेबलवर पत्त्यात एनवायसी (न्यूयॉर्क सिटी) छापलंय आणि दुसऱ्या बाजूच्या लेबलवर न्यूयॉर्क २३, म्हणजे तेव्हाचा पोस्टल झोन. दोन्ही बाजू अशाच हव्यात. चांगल्या प्रती लिलावात दहा हजार डॉलरच्या वर गेल्यात. आमच्याकडे कधी आलेली नाही, कोणी फोन करून माझ्याकडे आहे म्हणालं की ती हमखास जपानी रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा छापलेली, निघते. जपानी प्रतीही सुंदर असतात हो, पण ती वेगळी गिऱ्हाईकं.

याउलट ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याची काइंड ऑफ ब्लू. १९५९ ची, लाखोंनी खपलेली, त्यामुळे दुर्मिळ अजिबात नाही, पण कोलंबिया कंपनीच्या लेबलवर डोळ्यासारखी सहा चिन्हं असलेली पहिली प्रत चांगल्या अवस्थेत असेल तर अजूनही शेकड्यांत जाते. आणि गंमत अशी, की तिच्या पहिल्या बाजूचं रेकॉर्डिंग करताना टेप मशीन थोडं हळू चाललं होतं, म्हणून टेप नेहमीच्या वेगाने लावली की ती जरा जलद पळते आणि त्या बाजूची तिन्ही गाणी किंचित वरच्या सुरात वाजतात. ते दुरुस्त झालं थेट १९९२ ला. म्हणजे भाऊजी, लोक जास्त पैसे देऊन चुकीच्या सुरातलीच प्रत घेतात!

कव्हरला वेगळे मार्क. कडा फाटल्यात का, आतल्या रेकॉर्डचा गोल वर उमटलाय का, कोणी पेनाने नाव लिहिलंय का, तळघरातल्या ओलीचा वास येतो का. वास फोटोत येत नाही म्हणून बरेच जण लिहीत नाहीत, मी लिहितो. लोकांना वाटतं दोष लिहिले की किंमत पडते. पडते थोडी. पण जो एकदा घेतो आणि पार्सल उघडल्यावर लिहिलंय त्यापेक्षा बरी रेकॉर्ड निघते तो पुढच्या वेळी घासाघीस न करता घेतो, आमचे निम्मे व्यवहार अशाच जुन्या गिऱ्हाइकांचे आहेत.

सगळ्यात अवघड काम म्हणजे विकत घेणं. वडील गेलेले असतात, मुलगी खोके घेऊन येते, तिने नेटवर सगळ्यात मोठा आकडा बघितलेला असतो. तो आकडा कोणीतरी मागितलेला असतो, मिळालेला नसतो. मी तिला स्क्रीनवर खरोखर विकल्या गेलेल्या किंमती दाखवतो, मग तिच्यासमोरच दिव्याखाली धरतो. काहीजणी ऐकतात, काही खोकी उचलून जातात, त्यांचाही राग येत नाही, वडिलांच्या वस्तूला व्हीजी म्हटलेलं कोणाला आवडेल.

पाठवताना रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढून वेगळी ठेवायची, दोन्ही एकत्र पुठ्ठ्यांमध्ये. आत ठेवून पाठवली की धक्क्याने रेकॉर्ड कव्हरची शिवण फाडून बाहेर येते आणि निअर मिंट कव्हर पोस्टातच व्हीजी होतं.

हां, आणि चिनूने मेसेज केलाय की त्याला तो सूटकेससारखा दिसणारा प्लेअर घ्यायचाय. त्याला म्हणावं थांब. त्याची सुई रेकॉर्डवर पाच ग्रॅमच्या आसपास दाब देते, बऱ्या प्लेअरची दीड-दोन. थोडे पैसे साठव, वजन ॲडजस्ट होणारा आर्म असलेला घे, हवं तर अर्धे मी टाकतो. सूटकेसवालाच घेतला तर मी आणलेली एकही रेकॉर्ड त्यावर लागणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतोय.

तुझा,
नितीन