साडी आधी उलटून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कपड्यांचा टिकाऊपणा आणि कारागिरी कशी पारखावी यावर अख्खं पान आलंय. लेबल वाचा, कंपनीच्या वेबसाइटवर जा, सर्टिफिकेट मागा. छान आहे. पण कापड हातात घेऊन उलटून बघा, एवढं एक वाक्य त्यात कुठे सापडलं नाही. वर फोटो कुठला, तर पदरासकट छापलेली साडी आणि खाली ‘पारंपरिक इरकल’! इथे बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागेत एवढे विणकर असताना फोटो दाखवून घ्यायला आपल्याला एक माणूस मिळू नये?

मी वडगावात फॉल-पिको करते. साडीची उलटी बाजू आधी बघायची, सुलटी मग, हा माझा धंदाच.

गेल्या लग्नसराईत एक बाई लेकीसाठी घेतलेली इरकल घेऊन आल्या. मोठ्या दुकानातली, बॉक्सवर सोनेरी अक्षरात ‘अस्सल हातमाग’. पदर उलटला तर मागच्या बाजूला सगळ्या तारा कातरलेल्या, कुसळं उभी. आणि टोपपदर, म्हणजे इरकलीचा वेगळ्या ताण्याचा, अंगाला जोडलेला पदर म्हणावा, तर अंग आणि पदर यांच्यात जोडच नाही. खऱ्या टोपपदराला अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा लाल ताणा वेगळा, काठाचा वेगळा. अंगाची एकेक तार पदराच्या तारेत कोंडी म्हणजे फास घालून अडकवतात, म्हणून तो ताणा एकेका साडीपुरताच करावा लागतो. त्या जागेवरून बोट फिरवा, ओळ हाताला लागते. हिच्या पदरावर बोट सरळ घसरत गेलं.

काठाची एक तार ओढून काडीने पेटवून दाखवली. वितळली आणि टोकाला काळा कडक मणी झाला. रेशीम असतं तर केस जळल्यासारखा वास येऊन राख चिमटीत चुरली असती. सूत असतं तर कागद जळल्यासारखा वास आला असता. बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही फॉल लावा, आमच्याकडे बिल आहे.” लावला. पुढे त्यांनी रेशीमकाठी म्हणून कडक इस्त्री फिरवली, काठ आक्रसला आणि भांडण आलं माझ्या दारात! माझ्या पिकोने म्हणे काठ चुणला. दुकानदाराने तर हात वर केले, फॉल लावलेली साडी आम्ही परत घेत नाही. बिल होतं ना? माझी मजुरी अजून यायची आहे.

पॉवरलूमला मी नावं ठेवत नाही. आमच्या गल्लीत सकाळपासून त्याचीच खटखट चालते आणि त्यावरच चुली पेटतात. पण पॉवरलूमची साडी पॉवरलूमची म्हणून विका, तिचा दर लावा. काही वाणांच्या साड्या हातमागालाच राखून ठेवणारा कायदा १९८५ सालचा आहे. तो किती पाळला जातो ते बाजारातून एक फेरी मारली की दिसतं. २००६ पासून हातमागाच्या कापडाची सरकारी खूण, हँडलूम मार्कही आहे. तो कुठे शोधायचा हे पुरवणीत छापलं असतंत तर त्या बाईंचे पैसे तरी वाचले असते. त्याऐवजी प्लास्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या धाग्याचं कौतुक! तो धागाही प्लास्टिकचाच ना? धुतला की त्याचे बारीक तंतू पाण्यात जाणारच. आमच्याकडचं पाणी बळ्ळारी नाल्याला मिळतं आणि नाला आमच्याच शिवारातून वाहतो, हे लेखिकेला कोणी सांगितलं नसावं. आमच्याकडच्या बायका इरकल नेसून शेतात भांगलायला जायच्या, विरली की तिची वाकळ शिवायच्या. टिकाऊ म्हणजे काय ते त्यांना इंग्रजी मासिकातून वाचावं लागलं नव्हतं.

पुढच्या वेळी असा लेख छापायचा असेल तर आधी खासबागेतल्या एखाद्या मागावर तासभर बसून या, एवढीच विनंती. चहा मिळेल.

जाता जाता आणखी एक. गिऱ्हाइकं साड्या आपल्याच पेपरात गुंडाळून आणतात. अलीकडे त्याची शाई फार उठते. परवा एका मोतिया साडीच्या घडीवर आपला अग्रलेख उलटा उमटला होता आणि तो काही केल्या निघाला नाही. पूर्वी असं होत नव्हतं. शाई बदलली आहे की कागद, तेवढं कळवावं.

आपली,
एक फॉल-पिकोवाली, वडगाव, बेळगाव