गैरहजेरीची दखल पहिल्याच दिवशी घ्यावी

महोदय,

शहरांतील सरकारी शाळांची सरासरी हजेरी ९० टक्के दिसली की सारे समाधान मानतात. पण त्या सरासरीआड रोज तीच ती मुले गैरहजर असतील, तर ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. महिन्याला दोनच दिवस बुडाले, तरी २०० दिवसांच्या शालेय वर्षाचा दहावा हिस्सा हातचा जातो. माझ्या वर्गातली एक मुलगी दर सोमवारी येत नसे. घरी जाऊन पाहिले, तर ती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली, कारण त्या दिवशी आईची कामाची पाळी पहाटेची. अशा घरी नोटीस धाडून काय साधणार? गैरहजेरीच्या पहिल्याच दिवशी पालकांना आपुलकीने फोन जावा आणि त्यासाठी प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस मिळावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक शिक्षिका