उंच बॉनेटमागचा माणूस

‘मोठी गाडी, मोठी मग्रुरी’ हे मंगळवारच्या अंकातील पत्र वाचले. उंच एसयूव्ही चालवणारा तो उर्मट, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी असेल तर विचारायलाच नको, असा एकूण सूर. मी म्हापशाचा, गाडी उंच, पाटी पांढरी. तेव्हा थोडे लागलेच. उर्मट लोक आहेत, नाकारत नाही. पण बराचसा दोष गाडीच्या घडणीत आहे.

गेल्या महिन्यात पणजीत मळा भागातल्या एका गल्लीत उजवीकडे वळताना गाडीच्या पुढच्या काचेलगतच्या जाडजूड खांबाआड एक अख्खी स्कूटर, मागे बसलेल्या बाईच्या भाजीच्या पिशवीसकट, लपली होती. स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला म्हणून निभावले. बघणाऱ्यांच्या लेखी अर्थातच मी माजलेला गाडीवाला. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून हे खांब जाड झाले, ते ठीक. बॉनेट छातीपर्यंत आणले ते मात्र बरेचसे रुबाबासाठीच. त्यात एसी कमी करायलाही पडद्यावर बोट फिरवायचे, म्हणजे नजर रस्त्यावरून हटलीच. गाड्यांची सुरक्षा तपासून मानांकन देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०२६च्या निकषांनुसार वरचे मानांकन हवे असेल तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना खरी बटणे किंवा दांडे लागतात. ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालेल्या आपल्याकडच्या तशाच भारत एनकॅप योजनेने चालकाला बॉनेटपुढचे किती फुटांवरून दिसू लागते, हेही मोजावे आणि तो आकडा शोरूममध्ये किमतीशेजारी लावायला सांगावे.

– एक वाचक, म्हापसा