आभाराची वही

महोदय,

युद्धं, महापूर, महागाई... हल्ली सकाळी वर्तमानपत्र उघडताना हात कचरतो. अशा वेळी कुणी 'कृतज्ञ राहा' म्हटलं, की माझं तर डोकंच फिरतं. ज्याचं घरदार गेलं, त्याला हा उपदेश करणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. स्वतःपुरतं मात्र करून पाहायला हरकत नाही.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. व्यायामही त्यांनी जास्त केला, हे विशेष!

मीही वही घातली. पहिल्या दिवशी तब्येत आणि नळाचं पाणी, एवढ्यावर गाडी अडली. आता नोंदी बारीक होतात. परवा आठवली ती रात्रपाळीने दमलेली परिचारिका. औषधाच्या वेळा तिने दोनदा समजावल्या होत्या. तेव्हा मी साधं धन्यवादही म्हटलं नव्हतं. वहीतलं तिच्यापर्यंत कसं पोहोचणार? म्हणून काल चिठ्ठी लिहून पाठवली.

– एक वाचक