बाई, तुमच्या सतरंजीबद्दल

ती. बाईंना,
सा. न.

निरोपाच्या चहाला तुम्ही भाषणं करू दिली नाहीत. आता तुम्ही लेकीकडे पुण्याला आहात, अडवायला इथे कोणी नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथल्याच संस्थानिकांच्या दरबारात. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या माणसाला नाटक बघायचं तर तिकिटाचे पैसे आणि वर परतीच्या गाडीची चिंता. प्रयोग रात्री साडेनऊचा, शेवटची एस्टी त्याआधीच गेलेली. वाचनालयातली नाटकं कपाटातच पडून असायची. नाटक काय वाचायचं, म्हणून कोणी घरी न्यायचं नाही. ती तुम्ही बाहेर काढलीत आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायला सतरंजी अंथरलीत.

तालीम नाही, माइक नाही. अंक बदलला की वाचणारे बदलायचे. अडखळलं तर कोणी हसायचं नाही आणि मध्येच दुरुस्तही करायचं नाही. शहरातली अभिवाचनं मी ऐकली आहेत, छान असतात. पण तिथेही चौघं वर बसतात आणि बाकीचे खाली. तुमच्या सतरंजीवर वर-खाली काही नव्हतंच.

आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची, नजर काचबिंदूने गेली, तेव्हापासून नाटक हा विषय त्यांनी बंदच केला होता. ‘वाडा चिरेबंदी’च्या वाचनाला मी त्यांना जवळजवळ ओढत आणलं. तुम्ही एक माणूस फक्त रंगसूचना वाचायला बसवला होता. कोण कुठून आलं, कोण गप्प बसलं, सगळं मोठ्याने. वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर दादांना आमच्याइतकाच दिसत होता. वऱ्हाडी बोलीची आम्ही सांगलीकरांनी पुरती वाट लावली, ते सोडा. दुसऱ्या अंकाच्या आधी तुम्ही दादांना विचारलंत, “दादीचं काम कराल का?” ती म्हातारी सारखी वेळ विचारते, वाक्यं थोडी, पाठ होण्यासारखी. शेजारचा मुलगा गुडघ्यावर टिचकी मारून त्यांना जागा सांगायचा. दादा एकदाही चुकले नाहीत. घरी येताना मात्र कुरकुरले, पुढच्या वेळी मोठं काम पाहिजे!

‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या वेळी नायिका बेणारेचं शेवटचं स्वगत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे आलं. बोट ओळीखाली धरून, एकेक शब्द सोडवत त्यांनी ते वाचलं. बराच वेळ लागला. सफाईदार आवाजात ते स्वगत मी पूर्वी ऐकलं आहे, पण मला मावशींचंच आठवतं.

या सगळ्यामागची हमाली फार कोणाला ठाऊक नाही. लेखकाची किंवा वारसांची परवानगी मागणारी पत्रं तुम्ही स्वतः लिहायचात. उत्तर आलं नाही तर नाटक बदलायचात, पण विचारल्याशिवाय वाचायचं नाही. म्हाताऱ्यांसाठी संवाद मोठ्या टायपात छापून आणायचात, तेही पदरचे पैसे घालून. हिशेब कधी दाखवला नाहीत. तो तेवढा पाठवा, आम्ही वर्गणी काढली आहे.

सतरंजी चालू आहे. पुढचं नाटक ‘महानिर्वाण’, परवानगीचं पत्र गेलं आहे. त्यात मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात, ते काम कोणी करायचं यावरून दादा आणि पोस्टातले काका यांच्यात जुंपली आहे. टाळांची सोय झाली. भांडण मिटवायला तुम्हीच या. वाचन संध्याकाळी पाचला आहे, परतीची गाडी मिळते.

तुमच्या सतरंजीवरला एक वाचक