मधले घर पांढरे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या रविवारच्या पुरवणीत १९५० च्या दशकातल्या अमेरिकेचे चित्रपान पाहिले. जुन्या चित्रफितींतल्या चौकटी होत्या. बुटक्या कुंपणाची घरे, लांबलचक मोटारी, गणवेशातली पोरे. खाली ओळ होती, ‘निवांत दिवस’. फिती कोणी काढल्या आणि कशासाठी, याचा मात्र कुठे पत्ता नाही.

माझा धंदा रंगाचा. बेचाळीस वर्षे दुकान चालवले, आता मुलगा बघतो. मध्यंतरी नातवाने मोबाइलवर एक तुकडा दाखवला. वाळवंटात तीन छोटी लाकडी घरे, लख्ख उजेड, आग आणि वरून ढणढणते संगीत. मी हट्टाने मूळ फीत शोधायला लावली. ती निघाली १९५४ ची, बारा मिनिटांची ‘द हाउस इन द मिडल’. जागा नेवाडातले अणुचाचण्यांचे मैदान. एका कडेच्या घराच्या अंगणात कागदकपटे आणि पालापाचोळा, दुसऱ्या कडेचे लाकूड उन्हापावसाने सुकून गेलेले. मधले स्वच्छ, रंगाचा ताजा हात दिलेले. स्फोट होतो, कडेची दोन्ही पेटतात, मधले जरासे करपून उभे राहते. निवेदकाचा सूर असा, की जणू गृहिणींना साबणाची वडी खपवतो आहे. घर झाडा, रंगवा आणि अणुबाँबातून वाचा!

काढणारे कोण? नॅशनल क्लीन अप-पेंट अप-फिक्स अप ब्युरो, सोबतीला सरकारचे नागरी संरक्षण खाते. आणि ब्युरोच्या पाठीशी रंग-वॉर्निशवाल्यांची संघटना. आमच्याच जातकुळीतले लोक हो! मला आधी हसू आले, मग पोटात गोळा.

यातले शास्त्र खोटे नाही. पांढरा रंग उष्णता परतवतो, म्हणून तर उन्हाळ्याच्या तोंडावर गच्चीसाठी पांढरा डबा न्यायला गिऱ्हाईक येते. पण लोळामागून धक्क्याची लाट येते, तिला कोणत्या कंपनीचा रंग आहे याचे सोयरसुतक नसते. आदल्याच वर्षी, १७ मार्च १९५३ ला, त्याच मैदानावर स्फोटापासून ३,५०० फुटांवर खरेखुरे दुमजली घर बांधून आत माणसांच्या जागी पुतळे ठेवले होते. अडीच सेकंदांच्या आत त्या घराचा चुराडा झालेला कॅमेऱ्याने टिपला आहे. तेही पांढरेच होते.

लष्कराच्या फितींचीही तीच तऱ्हा. दिग्दर्शक जॉन ह्युस्टन यांनी १९४६ मध्ये खुद्द सैन्यासाठी ‘लेट देअर बी लाइट’ केली. लाँग आयलंडवरच्या लष्करी रुग्णालयातले, युद्धाने मन खचलेले जवान त्यात आहेत. एक जण बोलता बोलता रडू लागतो, एकाची जीभ अडखळून शब्दच बाहेर पडत नाही. काळे आणि गोरे जवान एकत्र उपचार घेताना दिसतात, तेही सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा १९४८ चा आदेश निघण्याआधी. पैसे देणाऱ्याला हे रुचले नाही. फीत १९८० पर्यंत लोकांपासून दूर ठेवली गेली. १९४८ मध्ये त्याच विषयावर नट घेऊन दुसरी केली, तिच्यात सगळे गोरे. आपल्या पानासाठी यातली कोणती चौकट घेतली असती, हे विचारावेसे वाटते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने काढलेल्या फितींवर तिकडे स्वामित्वहक्क नसतो. कोणीही उतरवून घ्यावी, वापरावी. (आपल्याकडे हे कधी होईल तेव्हा होवो.) पण त्या मोकळीकीत सुरुवातीची नामावली कापली जाते, संगीत चढवले जाते, कृष्णधवल चित्रांना रंग फासला जातो. रंग विकून पोट भरलेल्या माणसालाही तो रंग खटकतो. नातवाकडे आलेल्या तुकड्यात स्फोट होता, ब्युरोचे नाव तेवढे नव्हते.

तरी विनंती एवढीच, की यापुढे अशा चौकटीखाली साल, फीत काढणारा आणि पैसे देणारा, अशी एक ओळ छापावी. जागेची अडचण असेल तर ‘निवांत’ शब्द काढावा, बरीचशी मावेल.

आपला,
एक जुना वाचक, मिरज