दारावरच्या तोरणापासून देशोदेशींची ओळख

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईतल्या शाळांमध्ये गेल्या काही वर्षांत ‘देशोदेशींची ओळख’ करून देणाऱ्या कार्यक्रमांची पद्धत चांगलीच रुळली आहे. प्रत्येक वर्गाला एकेक देश वाटून दिला जातो, पुठ्ठ्यावर त्या देशाचा झेंडा रंगवला जातो, भाड्याने पोशाख आणले जातात, एखादा पदार्थ करून मांडला जातो, आणि पालक मोबाइलवर त्याची छायाचित्रे घेतात. माहीम-दादर भागातल्या शाळांत अनेक वर्षे इतिहास-भूगोल शिकवलेली शिक्षिका म्हणून या कार्यक्रमांमागची मेहनत मला ठाऊक आहे. मुलांनी आपल्या गल्लीपलीकडचे जग पाहावे ही त्यामागची इच्छाही मोलाची आहे. परंतु कार्यक्रम संपल्यावर मुलांच्या मनात काय उरते, याचा विचार व्हायला हवा असे मला कळकळीने वाटते. जपान म्हणजे किमोनो, मेक्सिको म्हणजे रुंद काठाची टोपी, स्कॉटलंड म्हणजे चौकडीचा घागरा एवढेच उरते. तो पोशाख तिथली माणसे केव्हा घालतात, कोण घालत नाही, तो कधीपासून आला, हे विचारायला कोणी शिकवलेलेच नसते.

स्कॉटलंडचेच पाहा. डोंगराळ भागातल्या त्या पोशाखावर १७४६ च्या कायद्याने बंदी आली होती, ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी ज्यांच्या पूर्वजांनी हा पोशाख कधी घातला नव्हता अशा सखल भागातल्या सरदारांनीही तो अंगावर चढवला. अमुक घराण्याची अमुक चौकड ही विभागणी बहुतांशी त्यानंतरची. हे कळल्याने त्या पोशाखाची शोभा कमी होत नाही, उलट त्याला एक इतिहास मिळतो. किमोनोचेही तसेच आहे. आजच्या जपानमध्ये तो प्रामुख्याने लग्नसमारंभात, चहाच्या पारंपरिक सोहळ्यात किंवा जानेवारीत होणाऱ्या तरुणांच्या वयात येण्याच्या सोहळ्यात दिसतो; रोज कामावर जाणारी माणसे तो घालत नाहीत.

माझे म्हणणे असे की, एखाद्या देशाची संस्कृती कळायची तर समारंभी पोशाखापेक्षा तिथल्या रोजच्या किंवा वर्षाच्या वर्षाला घरात येणाऱ्या साध्या वस्तूपासून सुरुवात करावी, आणि त्या वस्तूला काही प्रश्न नेटाने विचारावेत. ती कोण वापरतो, कधी, कशासाठी, कुठून आली, आणि त्याच देशात ती न वापरणारे कोण आहेत. या कामासाठी मुंबईइतके सोयीचे शहर शोधून सापडणार नाही.

झेंडूच घ्या. दसऱ्याच्या आदल्या रात्री दादर स्थानकाच्या पश्चिमेला फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. केशरी आणि पिवळ्या झेंडूचे ढीग, शेजारी आंब्याचे डहाळे, भाताच्या लोंब्या, आपट्याच्या पानांच्या जुड्या. सकाळपर्यंत ही फुले दारांवर, यंत्रांवर, टॅक्सींच्या बॉनेटवर, लोकलच्या डब्यांवर पोहोचतात. नेहमीचे प्रवासी आपापल्या डब्यात पूजा करून पेढे वाटतात. झेंडूवाचून दसरा आपल्याला कल्पनेतही जमत नाही. आणि तरीही हे फूल मूळचे मेक्सिकोचे, युरोपीय दर्यावर्दींच्या मार्फत जगभर गेलेले. त्याच्या मायदेशी १ आणि २ नोव्हेंबरला घरातल्या मृत माणसांचे स्मरण करतात. घरात वेदी मांडून तिच्यावर गेलेल्या माणसांची छायाचित्रे, मेणबत्त्या, पाणी, मीठ, खास भाजलेला पाव आणि त्या व्यक्तीच्या आवडीचे पदार्थ ठेवतात, आणि झेंडूच्या पाकळ्या दारापासून वेदीपर्यंत पसरतात. त्या रंगाच्या आणि वासाच्या आधाराने मृतांना घरची वाट सापडते अशी श्रद्धा आहे.

आपल्याकडे पितृपक्षात आवडीचे पदार्थ करून पान वाढतात, कावळ्याची वाट पाहतात, सर्वपित्री अमावास्येला वाळकेश्वरच्या बाणगंगेवर विधींसाठी गर्दी होते. मात्र श्राद्धाला फुले पांढरी लागतात आणि झेंडू त्यानंतरच्या नवरात्रासाठी राखलेला असतो. शिवडीच्या कबरस्तानात २ नोव्हेंबरलाच मुंबईतले कॅथलिक कुटुंबीय कबरी धुऊन-पुसून फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. म्हणजे मेक्सिकोतली तारीख आपल्या शहरातही पाळली जाते, मेक्सिकोतले फूल आपल्या दारावर असते, आणि गेलेल्या माणसाची आठवण जपण्याची ओढ तर तिन्हीकडे सारखी आहे. सातवी-आठवीच्या मुलाला हे कळू शकते, आणि एकदा कळले की मेक्सिको त्याच्यासाठी केवळ टोपीपुरता उरत नाही.

इथेच पुढचा प्रश्न विचारायला हवा. सगळा मेक्सिको असाच वागतो का? नाही. ही परंपरा मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत, ओआहाका आणि मिचोआकानसारख्या प्रांतांत खोलवर रुजलेली आहे. उत्तरेकडे ती पूर्वी तितकी नव्हती. राजधानीत या दिवसांत निघणारी भव्य मिरवणूक तर अगदी अलीकडची. २०१५ मधल्या एका इंग्रजी चित्रपटात अशी मिरवणूक दाखवली गेली, आणि २०१६ पासून मेक्सिको सिटीत ती खरोखरच निघू लागली. जगभरच्या पर्यटकांना आज बहुधा तीच ठाऊक असते. मला ती खोटी वाटत नाही. गिरगावातल्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेलाही फार वर्षे झालेली नाहीत, पण नऊवारी नेसून, फेटे बांधून तिच्यात सामील होणाऱ्या मुलींचा आनंद पूर्णपणे खरा आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाचेही असेच: गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला गणपती १८९३ पासूनचा, तर घरातला गणपती त्याहून कितीतरी जुना. मुलांना दोन्हींचे वय सांगावे. वय ठाऊक असले की कोणी ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हटले तरी ते डोळे झाकून मान डोलावणार नाहीत.

इराण समजायला इराणला जावे लागत नाही. धोबीतलावचे १९०४ पासूनचे कयानी किंवा बॅलार्ड इस्टेटमधले १९२३ पासूनचे ब्रिटानिया यांच्यासारख्या इराण्यांच्या हॉटेलांत बसून आपण ब्रून-मस्का खातो, परंतु पारशी आणि इराणी यांत फरक काय, हे मुंबईत जन्म काढलेल्या अनेकांना सांगता येत नाही. पारशी समाज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आला, तर ज्यांना आपण इराणी म्हणतो ते पारशांच्याच झरथुष्ट्री धर्माचे लोक मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमान भागांतून आले. इराणमध्ये नवे वर्ष वसंत संपाताला, म्हणजे २० किंवा २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. मुंबईतल्या बहुसंख्य पारशांचे मात्र ऑगस्टमध्ये. कारण त्यांच्या शहेनशाही पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचे असून लीप वर्षाचा दिवस धरलेला नाही, त्यामुळे ते दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकत आले आहे. गणिताच्या शिक्षकांनी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा असा हा तास आहे.

सणाच्या सकाळी दादरच्या पारशी कॉलनीतून फिरावे. दारावर फुलांचे तोरण असते आणि उंबऱ्याशी रांगोळीचे ठसे उमटलेले असतात. भोके पाडलेल्या पत्र्याच्या डबीत पांढरी पूड भरून ती फरशीवर अलगद ठोकली की मासा उमटतो, फुले उमटतात. मासा त्यांच्याकडे शुभ मानला जातो. आपण चिमटीने काढतो, त्या डबीने काढतात. उंबरा सजवल्यावाचून सण घरात येत नाही ही समजूत दोघांची एकच. इराणमध्ये नव्या वर्षाच्या सणाला, म्हणजे नवरोझला, मांडतात ते ‘हफ्त सीन’ म्हणजे ‘स’च्या आवाजाने सुरू होणारे सात जिन्नस: अंकुरलेले धान्य, सफरचंद, लसूण, व्हिनेगर वगैरे. ते अंकुरलेले धान्य तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. आपण घटस्थापनेला मातीत धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते तुरे टोपीत किंवा केसांत खोवतो. नवरोझ साजरा करणाऱ्या इराणमधल्या लोकांत बहुसंख्य मुस्लिम आहेत, आणि अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, अझरबैजान येथेही तो साजरा होतो, हे मुद्दाम सांगावे. रूढी देशांच्या सीमा पाळत नाहीत आणि धर्मांच्याही फारशा पाळत नाहीत. बल्गेरियात १ मार्चला मनगटावर बांधला जाणारा लाल-पांढरा धागा रुमानियातही असतोच.

दारापासून थोडे रस्त्यावर यावे. वांद्र्याच्या गावठाणांत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, माझगावच्या माथारपाखाडीत कोपऱ्याकोपऱ्यावर दगडी क्रूस उभे आहेत. येणारेजाणारे त्यांना केवळ पूजेची जागा समजतात. त्यांपैकी बरेचसे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाच्या काळातले आहेत. मांडवी भागात सुरू झालेली ती साथ शहरभर पसरली, माणसे गाव सोडून पळाली, आणि जी मागे राहिली त्यांनी आपल्या वस्तीचे रक्षण व्हावे म्हणून वस्तीच्या तोंडाशी हे क्रूस उभारले. आजही ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची मुंबईचीच कॅथलिक, कुटुंबे त्यांच्याभोवती जमून प्रार्थना म्हणतात. माहीमच्या शीतलादेवीला लेकराबाळांच्या गोवर-कांजिण्यांसाठी नवस बोलणाऱ्या आयांच्या मनात हीच भीती आणि हीच आशा असते. करोनाच्या काळात दाराला कुलूप लावून बसलेल्या पिढीला हे क्रूस समजावून सांगायला वेगळे काही करावे लागणार नाही, केवळ त्यांच्यावरचे साल वाचायला उभे करावे लागेल.

आपल्या स्वतःच्या ताटाकडेही याच नजरेने पाहायला हवे, नाहीतर प्रश्न फक्त परक्यांना विचारल्यासारखे होईल. आषाढी एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि मिरची याही अमेरिका खंडातूनच आलेल्या. एकादशीला धान्य वर्ज्य, हा नियम जुना आहे. नंतर आलेले हे कंद आणि दाणे धान्यांत मोडत नसल्यामुळे त्यांना फराळात सहज जागा मिळाली असावी. यात खेद वाटण्यासारखे काही नाही. दूरदेशीच्या वस्तू आपल्या व्रतवैकल्यांत सामावून घेणारा समाज जिवंत असतो, असे मला वाटते, आणि ज्या मुलाला हे ठाऊक आहे ते ‘आमचे’ आणि ‘त्यांचे’ हे शब्द जपून वापरील.

यावर आक्षेप येतील. अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा, हा पहिला. परंतु जो वेळ आज पोशाख आणण्यात आणि झेंडे रंगवण्यात जातो तेवढाच पुरेसा आहे. एका वर्गाने वर्षभरात एकच वस्तू घ्यावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेजाऱ्यांच्या श्रद्धांकडे प्रदर्शनातल्या वस्तूंसारखे पाहणे योग्य नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, १८७२ मध्ये जनतेसाठी उघडलेल्या त्या सुंदर वास्तूत, मुंबई इलाख्यातल्या निरनिराळ्या जमातींच्या लहान मातीच्या मूर्ती आणि त्यांच्या पगड्यांचे नमुने आहेत. कारागिरी अप्रतिम आहे आणि मुलांनी ती जरूर पाहावी. पण पगडी पाहिली की माणूस कळला, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची दृष्टी होती, आणि आपल्या शाळांमधले पोशाखांचे कार्यक्रम नकळत तीच पुढे चालवत आहेत. म्हणून आधी परवानगी मागावी, जे दाखवले जाईल तेच पाहावे. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, झरथुष्ट्री लोकांव्यतिरिक्त कोणाला प्रवेश नाही, तो नियम मुलांना कारणासह सांगावा आणि दारातूनच परतावे. शेजारच्या आजी स्वतः वर्गात येऊन बोलल्या, तर त्याहून उत्तम काय? सिनेगॉगला जाणाऱ्या एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या, आजी एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, ओले खोबरे आणि फळे घालून केलेल्या मलिद्याविषयी मराठीतच सांगतील, तेव्हा मुलांना त्यात अनोळखी फार थोडे वाटेल.

शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पालक-शिक्षक संघांना माझी विनंती आहे की, यंदाच्या कार्यक्रमात निदान एका वर्गाने पोशाखाऐवजी एखादी वस्तू घ्यावी, तिच्याविषयी घरी आणि शेजारी विचारपूस करावी, आणि जे सांगणारा ठामपणे सांगू शकला नाही ते तसेच नोंदवावे. आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानावर घटस्थापनेपासून २ नोव्हेंबरपर्यंत अशा नोंदींना दर आठवड्याला थोडी जागा मिळाली, तर घट, दसरा आणि शिवडीच्या कबरस्तानातला तो दिवस हे सारे त्या काळात येऊन जाईल, आणि मुलांनी स्वतः विचारून लिहिलेला मजकूर शहराला वाचता येईल. निवडीसाठी आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आनंदाने वेळ देतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
माहीम, मुंबई